आजीचं फणसाचं कपाट, वर निळा ऑइल पेंट. गणपतीआधी होईल का?

चाकरमानी_ठाणे:
मंडळी, गुहागरच्या घरी माजघरात आजीचं फणसाचं कपाट आहे, त्यावर कोणीतरी कधीतरी निळा ऑइल पेंट फासलाय, थरावर थर, आणि खालच्या फळीतून बारीक पिवळं पीठ पडतंय. गणपतीला सगळे जमायच्या आत घासून पॉलिश करायचंय, काका म्हणतात टाकून दे आणि नवीन घे. सँडिंग मशीन भाड्याने आणू का? पॉलिश पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा थर धरणारं) की लाखेचं?

रंधा_रत्नागिरी:
गणपतीआधी विसरा. भर पावसात लाखेचं पॉलिश मारलं तर हवेतला दमटपणा धरतं आणि पांढुरकं पडतं, मग परत खरवडा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घ्या हातात. आधी किडीचं बघा, पॉलिश नंतर. पीठ झाडून खाली काळा कागद पसरा, थोड्या दिवसांनी परत पडलं तर किडा जिवंत आहे समजा, मग भोकाभोकात सिरिंजने औषध सोडायचं. फळीवर बोटाने ठोका, बद वाजली तर ती सरळ बदला, वाचवत बसू नका.
आणि घासल्यावर लाकूड पिवळंधमक निघेल, घाबरून स्टेन (लाकडाचा रंग गडद करायचं पाणी) मारू नका प्लीज, फणस उजेडात आपोआप तांबूस होत जातो.

वाळूतली_चप्पल:
मशीन अजिबात नको!! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली नोव्हेंबर 2017 पासून, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा दिसतोय. ती धूळ घरभर होणार आणि गणपतीला पोरं त्याच जमिनीवर रांगणार. रिमूव्हर लावा, फुगला की पत्र्याने खरवडा, राहिलेला रंग वॉटर पेपरने ओला घासा. मास्क हवाच, आणि खरवड परसात टाकू नका.

मालवणी_खाजा:
मागच्या बाजूला नि पायांना डिंबेल लावा, काजूच्या टरफलाचं तेल हो, आमच्याकडे होडीला लावायचे तेच. वाळवी जवळ येत नाही. पण हातमोजे घालून, कातडी भाजते त्याने, आणि दर्शनी बाजूला नको, काळं पडतं.

चाकरमानी_ठाणे:
म्हणजे यंदा काकांना निळंच कपाट दाखवायचं 😅 पीयूचं कोणी बोललं नाही. आणि मागच्या भिंतीला ओल आहे, तोवर काय करू?

रंधा_रत्नागिरी:
ओल आहे म्हणता तर पीयू नकोच, आतून दमट आलं की पापुद्रे सुटतात आणि मग सगळंच काढावं लागतं. लाखेवर डाग पडला तर तेवढ्यापुरता हात मारता येतो. आत्ता फक्त भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, पायाखाली कडाप्प्याचे तुकडे सरकवा. ओढू नका हं, रिकामं करून दोघांनी उचला. जुने सांधे सरसाचे असतात, दमट हवेत ढिले पडतात, ओढलंत तर पाय हातात येईल.