मदत हवी आहे: फणसाच्या रसाच्या बाटल्यांची झाकणे फुगत आहेत

माडाखाली (कुडाळ)
हापूसचा रस उकळून बाटल्यांत भरला की आमच्याकडे तो वर्षभर टिकतो. यंदा त्याच पद्धतीने बरक्या फणसाचा रस भरला, परंतु आता झाकणे वर उचलली जात आहेत आणि एक बाटली उघडताच रस फसफसून बाहेर आला. वासात खोट नाही. चतुर्थीची मागणी नोंदवलेली असल्याने उरलेला रस पुन्हा उकळून भरता येईल का, एवढेच त्वरित सांगावे.

काजूगर
रस किती वेळ उकळला, साखर घातली का, बाटल्या गरम असताना भरल्या की निवल्यावर, आणि आंबटपणा मोजला होता का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

माडाखाली
पद्धत आंब्याचीच, असे लिहिले आहे. साखर नाही. रस गोड असताना आंबटपणा कशासाठी मोजायचा?

घाटमाथा
केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रस टिकवण्याची पूड) घालावे. आमचे आंब्याचे पिंप त्यावरच टिकते.

काजूगर
केएमएसचा प्रभाव आंबट रसातच पडतो, त्यामुळे आंब्याचा दाखला येथे लागू होत नाही.

सागरवेळ
पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. आधी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

माडाखाली
अनुदानाविषयी विचारलेले नाही.

कातळसडा (दापोली)
पुन्हा उकळू नये. हापूसच्या रसाचा पीएच (आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका रस आंबट) सहसा 4.6 च्या खाली असतो, म्हणून साधी उकळी पुरते. पिकलेल्या बरक्याचा मात्र बहुधा त्याच्या वर असतो आणि तोही झाडागणिक बदलतो. अशा कमी आंबट रसात बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू 100 अंशांवरही तगतात, हवाबंद बाटलीत वाढतात आणि विष तयार करतात, ज्याला वास असेलच असे नाही. फसफस साध्या किण्वाचीही असू शकेल, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. सर्व बाटल्या न उघडता खोल पुराव्यात आणि गुरांच्या आंबोणात त्यातले काही जाऊ देऊ नये. पुढच्या हंगामात सायट्रिक आम्ल घालून, मीटरवर पीएच 4.2 च्या खाली आल्याची खात्री करून मगच रस तापवावा आणि कढत असतानाच भरावा.

घाटमाथा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा साटे (रस वाळवून केलेल्या पोळ्या) घालावीत.

काजूगर
पावसाळ्यात साटे कोणत्या उन्हात वाळणार? ड्रायर नसेल तर रस उणे 18 अंशांवर गोठवणे बरे.

माडाखाली
मागणी रद्द करतो. मात्र उघडलेल्या बाटलीतला रस परवा माझ्या वहिनीने घावनांबरोबर खाल्ला आहे. तिला अद्याप काही झालेले नाही.

कातळसडा (दापोली)
हे आधी सांगायला हवे होते. लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात, त्यामुळे आजच डॉक्टरांच्या कानावर घालावे. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा गिळताना त्रास होणे, यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता त्यांना थेट जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले ते तेथे स्पष्ट सांगावे.