रोज एक रील टाकली नाही तर धंदा बुडतो का?

भाजणीवाली
परवा घरगुती उद्योगवाल्यांच्या एका ग्रुपवर एका मार्केटिंग सल्लागारांची पोस्ट वाचली. धंदा एकटीचा असला तरी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, टेलिग्राम आणि वेबसाइट, पाचही ठिकाणी हजर राहा, रोज एक रील टाका, दिसला नाहीत तर संपलात. खाली बायकांच्या हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझं डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

थालीपीठाच्या भाजणीला प्रत्येक धान्य वेगळं भाजावं लागतं. बाजरी आणि हरभरा डाळ एकत्र टाकली की एक करपतं, एक कच्चं राहतं. त्यानंतर गिरणीत नंबर लावायचा, तोही मिरची दळून झाल्यावर नाही. यात रील कधी करायची? आणि ती बघणार कोण, तर नागपूरचं कुणीतरी. माझं गिऱ्हाईक डोंबिवलीत, फार तर ठाकुर्लीला.

मी दोनच गोष्टी करते. एक, गूगलवर बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे, घरचा पत्ता लपवून नुसता डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो. दोन, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट. आपला नंबर सेव्ह असेल त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटवते: "नंबर सेव्ह करा, महिन्याला एकच मेसेज येईल." मेसेजमध्ये एवढंच: माल काय आहे, भाव काय, कुठल्या वारी घरपोच. एवढं पुरतं. पाच ठिकाणी नाचायला सांगणारे बायकांना नुसते दमवतायत.

कलमी
ताई, तुमचं गिऱ्हाईक दारात आहे म्हणून हे सुचतंय. आमच्याकडे देवगडात प्रत्येकाच्या दारात कलमं. मी आंबा विकू कुणाला, शेजाऱ्याला? वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवल्या की भाव तिथे ठरतो. दलालाची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, हातात येते तेव्हा कळतं की भाडं, हमाली, कमिशन जाऊन काय उरलं. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे मूळ भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा 'देवगड' म्हणून खपतोच आहे. आम्ही झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) फळ उतरवतानाचा व्हिडिओ टाकला, देठाचा चीक दिसेल इतक्या जवळून. त्यावर पुण्याहून ऑर्डरी आल्या आणि ती माणसं आजही थेट घेतात. अडीच-तीन महिन्यांचा हंगाम, तुमच्या चिठ्ठीची वाट बघत बसलो तर आंबा पिकून जाईल.

गिरगावकर
भाजणीवालींशी सहमत. लिज्जत १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका गच्चीवर सुरू झालं. ७ बायका आणि ८० रुपये उसने. कुठली रील होती? माल चोख ठेवा, माणसं शोधत येतात.

स्पष्टवक्ती
आणि टीव्हीवरचा तो ससा? लिज्जतने भरपूर जाहिरात केली म्हणून आज तुम्हाला नाव आठवतंय. चोख माल करून उपाशी राहिलेल्या बायका मी घरात पाहिल्यात. आमच्या आत्याचे उकडीचे मोदक गल्लीबाहेर कुणाला ठाऊकच नव्हते.

जुना_दुकानदार
एक मुद्दा राहतोय. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, तेव्हा त्यावर धंदा उभा केलेल्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. गूगलच्या त्या प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. रील करा, पण गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीत हवेत.

सजग_ग्राहक
मार्केटिंग सोपं करायचंय ना? मग आधी ते 'किंमत इनबॉक्स केली आहे' बंद करा! परवा अनारसे हवे होते. फोटो सुंदर, खाली पंधरा जणांनी भाव विचारला आणि पंधराही जणांना तेच उत्तर. इनबॉक्समध्ये गेलो तर आधी नाव, मग एरिया, मग व्हॉइस नोट. भाव शेवटपर्यंत नाही. बंद पाकिटावर एमआरपी छापायचा नियमच आहे. तुम्हीच का लपवता?

चकली_आणि_बरंच
कारण भाव लिहिला की तुमच्यासारखेच खाली येतात! "६०० रुपये किलो? आमच्याकडे ४०० ला मिळते." पाम तेलातली की शेंगदाण्याच्या, ते विचारायचं नाही. मग शेजारच्या इमारतीतली बाई तोच फोटो उचलून २० रुपये कमी लावते. हे माझ्याबरोबर घडलंय.

सजग_ग्राहक
माझ्यासारखे म्हणजे कोण? मी घासाघीस करत नाही. भाव दिसला तर परवडतं की नाही ते मला कळेल, तुमचाही वेळ वाचेल.

चकली_आणि_बरंच
मॉलमध्ये मुकाट पैसे भरता ना? घरातल्या बाईने केलं की 'घरचंच तर आहे' म्हणून भाव पाडायचा. दिवाळीच्या आधी रात्री दोनपर्यंत सोऱ्या फिरवून मनगट सुजतं. त्याचे पैसे मागितले की आम्ही लुटारू.

स्पष्टवक्ती
याला शंभर टक्के अनुमोदन. तासाचा हिशोब मांडला तर बहुतेक जणींना मजुरीही सुटत नाही.

सजग_ग्राहक
लुटारू हा शब्द मी वापरलेला नाही, तो परत घ्या. मजुरी लावा, जास्त लावा, पण उघड लावा. मला ६०० चा राग नाही, चकरा मारायला लावण्याचा आहे.

भाजणीवाली
धागा मार्केटिंगचा होता, पण हेही मार्केटिंगच आहे. मी भाव पहिल्या ओळीत लिहिते आणि त्याखाली तेल कुठलं, कधी भाजली, किती दिवस टिकेल. 'महाग आहे' म्हणणारे आधीच गळतात, त्यांच्याशी बोलण्यात जाणारी दुपार वाचते. शेजारणीने २० रुपये कमी लावले तर लावू दे, शेंगदाण्याच्या तेलात तिला तो भाव परवडणार नाही.

कलमी, तुमचं म्हणणं आंब्यापुरतं मान्य. गिऱ्हाईक लांब आणि हंगाम छोटा असेल तर व्हिडिओ हवा. पण तुम्हीही एकच जागा धरलीत, पाच नाही. त्या सल्लागारांशी माझं भांडण तेवढंच आहे.

कलमी
तेही पूर्ण खरं नाही, फेसबुकवरही टाकतो. पण हो, यूट्यूब सोडून दिलं. आणि गेल्या हंगामातल्या गिऱ्हाइकांची नावं अजून कुरिअरच्या पावत्यांवरच पडलीत, ती उतरवून घेतो.

चकली_आणि_बरंच
सजग_ग्राहक, 'लुटारू' मागे घेते. बाकी काही नाही. भाजणीवाली, पाव किलोला भाव वेगळा लावता का? पाव किलोवालेच सगळ्यात जास्त हुज्जत घालतात.

भाजणीवाली
वेगळाच लावते. पाकीट, चिठ्ठी आणि पोचवायला लागणारी रिक्षा तेवढीच लागते, मग पाव असो की किलो. किलोच्या भावाला नुसतं चाराने भागून थांबू नका, त्यावर २० रुपये चढवा आणि दोन्ही भाव शेजारी शेजारी लिहा.