मदत हवी आहे: ओव्यांच्या कॅसेटना बुरशी

मामा लालबागला शाहिरी करायचे आणि गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या टेप करून आणायचे. त्यांच्या ४३ कॅसेट माझ्याकडे आल्यात, बहुतेक ९० मिनिटांच्या. दोन पावसाळे माळ्यावर राहिल्या, फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलीय.

कॅसेट डेक सर्व्हिस करून घेतला, त्याचं हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, एक लावून पाहिली. दहा मिनिटांत हेड माखलं, आवाज दबला. (नेमकी मामींची ओवी!) लगेच बंद केली.

एक दुकानदार एमपी३ करून देतो म्हणाला. तसं नकोय, आवाजातलं काही न गाळणारी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल हवीय. कुरियर करणार नाही, दादर ते ठाणे स्वतः घेऊन येईन.

वाजवण्याआधी फितीवरची बुरशी कशी काढायची? आणि मुंबईत हे काम हाताने करणारं कोणी माहितीय का?