चौलला सापडला म्हणून दाखवलेला तिबेरियसचा देनारियस घ्यावा का?

प्रश्न (रेवदंडा)

नमस्कार. क्षत्रप आणि सातवाहन नाणी मी बऱ्याच काळापासून जमवतो आहे आणि आता रोमन सम्राटांच्या चांदीकडे वळावे असे मनात आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतले सेमिल्ला बंदर म्हणजे आमचे चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे या नाण्यांविषयीची ओढ जुनीच आहे. अलीकडे एका विक्रेत्याने रोमन सम्राट तिबेरियसचा देनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, दाखवला. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले मस्तक, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, अक्षरे ठळक, वजन ३.१ ग्रॅम आणि कडेवर सर्वत्र फिरलेली एक बारीक रेघ. चौलच्या एका वाडीत माडाचे आळे खणताना ते मिळाले असे तो सांगतो आणि त्यासाठी जादा किंमत मागतो. कागदपत्र मात्र काहीही नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (रत्नागिरी)

आपण दिलेल्या वर्णनावरून नाणे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिबेरियसच्या काळात (इ. स. १४ ते ३७) देनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा असे आणि चांगल्या स्थितीतले नाणे साधारणपणे ३.६ ते ३.९ ग्रॅम भरते. वापरून गुळगुळीत झालेले नाणे हलके भरले तर ते समजण्यासारखे आहे, पण अक्षरे ठळक असूनही अर्ध्या ग्रॅमहून अधिक तूट असेल तर एकतर आत तांब्याचा गाभा आहे, किंवा नाणे साच्यात ओतलेले आहे. कडेवरची रेघ ही दोन साच्यांच्या सांध्याची खूण असण्याची शक्यता मोठी आहे. खरा देनारियस हातोड्याच्या घावाने दोन ठशांमध्ये पाडलेला असतो; त्याच्या कडेला घावाने पडलेल्या लहान उभ्या चिरा दिसतात, सलग आडवी रेघ दिसत नाही. भिंगाखाली अक्षरांच्या मुळाशी पाहावे. ओतीव नाण्यात तिथे बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि साबणासारखी गोलाई असते, तर ठशाच्या नाण्यात धातू अक्षराकडे ओढला गेल्याच्या रेषा असतात.

खात्री करायची असल्यास ओळखीच्या सोनाराकडच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर नाणे दोऱ्याला टांगून पाण्यात तोलावे. ३.१ ग्रॅमचे चांदीचे नाणे पाण्यात सुमारे ०.३० ग्रॅमने हलके भरते. गाभा तांब्याचा असला तर ही घट ०.३४ च्या आसपास जाते. कसोटीवर घासायला मात्र कोणालाही देऊ नये. चांदीचा पत्रा चढवलेली बनावट नाणी रोमन काळातही पाडली जात आणि त्यांचाही संग्रह करण्यात गैर काही नाही, पण ती तशी सांगून आणि त्याच भावाने विकली गेली पाहिजेत.

उत्तर (कल्याण)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला नाणे चौलला मिळाल्याच्या विक्रेत्याच्या गोष्टीविषयी लिहायचे आहे, कारण किंमत नाण्याची नसून गोष्टीची मागितली जात आहे. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत दोन प्रकार प्रचंड संख्येने आहेत: तिबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याचे, गायस आणि लुसियस या दत्तक पुत्रांच्या आकृती असलेले नाणे आणि तिबेरियसचे हेच बसलेल्या स्त्रीचे नाणे. परंतु हे साठे मुख्यतः तमिळनाडू, केरळ, आंध्र आणि तेलंगणात मिळाले आहेत. पश्चिम किनाऱ्यावर व्यापार भरभराटीला असताना रोमन चांदी इतकी कमी का सापडते, याचे एक कारण असे दिले जाते की ती इथल्या राज्यकर्त्यांनी वितळवून स्वतःच्या नाण्यांसाठी वापरली. हे मत मला पटते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. चांदी हाती आली की तिच्यावर आपली मुद्रा उठवायची, हीच इथली रीत होती. म्हणूनच चौलला खरोखर एक जरी देनारियस जमिनीत मिळाला, तरी त्याची जागा, खोली आणि सोबतची खापरे यांची नोंद नाण्याहून मोलाची ठरेल. वाडीतून उचलून दुकानात आणलेल्या नाण्याने ती नोंद कायमची नष्ट होते.

शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत मिळालेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. विक्रेत्याची गोष्ट खरी असेल तर व्यवहार बेकायदेशीर आहे आणि खोटी असेल तर जादा किंमत कशाची द्यायची?

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. नाणे मी घेणार नाही. पावती देणाऱ्या, परवानाधारक लिलावगृहाकडून ऑगस्टसचा गायस-लुसियस प्रकार घेण्याचा विचार आहे. आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही. नाणे ठेवावे कसे?

उत्तर (मालवण)

निवड उत्तम आहे. हा प्रकार विपुल पाडला गेला आणि तिबेरियसच्या नाण्याला बायबलमधल्या कराच्या नाण्याशी जोडल्यामुळे जगभर जी मागणी असते, ती याला तितकी नाही. मात्र या दोन्ही प्रकारांच्या प्राचीन भारतीय नकलाही आहेत. त्यांत लॅटिन अक्षरांच्या जागी अर्थहीन उभ्या-आडव्या रेघा असतात, तेव्हा लेख अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा.

खाऱ्या हवेत चांदी लवकर काळवंडते. ती काळसर छटा काढू नये. चिंच, आगळ, राख किंवा दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. मऊ पीव्हीसीचे पाकीट टाळून मायलारचे (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पत्र्याचे) वापरावे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि पावसाळ्यात जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करून पुन्हा घालावेत.