डोहाळजेवणातून पेढा-बर्फी काढून टाकावी असं माझं मत आहे. तुमचं काय?

खाडीकाठची

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण आहे, गावच्या घरी, गुहागर तालुक्यात. सातवा लागलाय. तिच्या माहेरची माणसं दापोलीकडून फेरीबोटीने येतील, बाकी मुंबईची. वाडी भरायला फुलं ठरली, आचारी ठरला, पानात काय वाढायचं तेही ठरलं. अडलंय ते खेळांवर. सासूबाई आणि चुलत सासवा म्हणतात पेढा-बर्फी हवीच. मी म्हणते, या वेळी नको.

ज्यांच्याकडे हा प्रकार नसतो त्यांच्यासाठी सांगते. दोन झाकलेल्या वाट्या ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

मला खटकतात ती वाटी उघडल्यानंतरची दोन मिनिटं. पेढा निघाला की टाळ्या पडतात आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. बर्फी निघाली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी.’ असू दे कशाला? समजूत काढायची वेळ येते म्हणजे काहीतरी हुकलं असं सगळ्यांनी मनात धरलेलंच असतं. आणि ती बिचारी हिरवी साडी नेसून, डोक्यावर फुलांचा मुकुट घालून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलेली. तिला हसण्याशिवाय गत्यंतर नसतं.

त्याऐवजी माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, सुती कापडाच्या पुरचुंड्या: ओवा, बाळंतशोपा, सुंठ, जायफळ, हळीव, वेखंड, मुरुडशेंग. डोळे मिटून वासावरून ओळखायचं. जुन्या बायका झटकन ओळखतील आणि नव्या पोरी त्यांना विचारत बसतील, मला तेच हवंय. दुसरं, पुरुषांसाठी: असोल्या, म्हणजे न सोललेल्या, नारळाला लंगोट बांधायचा. होणाऱ्या बापापासून सुरुवात. तिसरं, प्रत्येकीने बाळासाठी एक ओवी रचून म्हणायची, पाठ केलेली नाही, स्वतःची.

विरोधी मतं बिनधास्त मांडा. घरात तेच ऐकतेय, इथेही ऐकेन.

मधल्या आळीतली

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला पटलं नाही. आमच्याकडे रत्नागिरीला पिढ्यानपिढ्या पेढा-बर्फी आहे. माझ्या वेळी बर्फी निघाली, झाला मुलगा. नणंदेच्या वेळी पेढा निघाला, झाली मुलगी, आणि आजेसासूबाईंनीच आळीभर बर्फी वाटली. हा खेळ खरा ठरत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणूनच त्यात गंमत. जी बाई ‘असू दे’ म्हणते तिच्या मनातलं वाट्या काढून जाणार आहे का? ती बारशाला येऊन तेच म्हणेल. बोलणारीला गप्प करा, खेळाला शिक्षा कशाला?

आणि एक सांगते. सगळं नको नको म्हणत काढलं की शेवटी उरतो तो फुग्यांच्या कमानीखालचा केक. तेवढ्यासाठी हॉल घ्यायचा आणि त्याला बेबी शॉवर म्हणायचं, हे मी आजूबाजूला बघतेय. त्यापेक्षा वाट्या बऱ्या.

तांबडी माती

मधल्या आळीतल्या ताई, केकबद्दल तुमच्याशी सहमत, वाट्यांबद्दल नाही.

सोनोग्राफीला गेलं की पहिली नजर पडते ती ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीवर. ती पाटी लावावी लागते, कारण १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा करावा लागला, आणि त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा केला होता. शब्दाने, खुणेने, कशानेही गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे. सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि विचारायला जाणाऱ्यालाही तीच. इतकं सगळं ज्या प्रश्नापायी झालं तोच प्रश्न आपण चांदीच्या वाट्यांत घालून पाटावर मांडतो, हे मला बघवत नाही.

मधल्या आळीतली

कायदा लिंग तपासून सांगण्याविरुद्ध आहे, अंदाज बांधण्याविरुद्ध नाही. दोन्हीची गल्लत नको. आणि आपल्या कोकणात मुली नकोशा नाहीत हो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. राज्यात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात दाखवा.

तांबडी माती

तो आकडा खरा आहे, पण त्याचं कारण दुसरं आहे. आपले पुरुष मुंबईला नोकरीला असतात, गणती होते तेव्हा घरी बायका आणि म्हातारी माणसं. मुली नकोशा आहेत की नाहीत हे बघायचं तर शून्य ते सहा वयाची मुलं मोजावी लागतात. तिथे रत्नागिरीतही मुली हजाराच्या आतच आहेत. थोडं कमी असणं निसर्गाचंच आहे, हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. पण महाराष्ट्राचा २०११ चा आकडा ८९४ होता. मधल्या मुली कुठे गेल्या ते आपल्याला माहीत आहे. कोकणाचं चित्र राज्यापेक्षा बरं आहे, मान्य. म्हणून आपल्याला मोकळीक मिळाली असं होत नाही.

वेंगुर्ल्याची वयनी

खेळ व्हये तितके ठेवा, पण पोटुशीक उपाशी बसवून ठेवू नका. तिका पयल्या पंगतीक वाढा. माझ्या चेडवाच्या वेळी ओटी, फोटो, खेळ करता करता तीन वाजले आणि तिका भोवळ इली. मगे कसलो पेढो आणि कसली बर्फी.

आणि फुलां म्हणत असाल तर या दिवसांत सुरंगीचे वळेसर मिळतत, ते मागवा. फक्त तिका वास सोसता काय तां आधी इचारा.

दवाखान्यातली ताई

वयनींच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. मी परिचारिका आहे, गरोदर बायकांच्या तपासण्या रोज बघते. वरची चर्चा वाट्यांत काय ठेवायचं यावर चाललीये, मला वेगळं सांगायचंय.

सातव्या महिन्यात बाईला पाटावर मांडी घालून दोन दोन तास बसवू नका. पाय सुजतात, कंबर धरते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाठ टेकायला खुर्ची द्या, तिच्यावर पाहिजे तर फुलांची आरास करा. झोपाळ्यावर बसवणार असाल तर तो धरून ठेवायला माणूस हवा, झोके द्यायची गरज नाही. नावेतलं डोहाळजेवण खाडीत खऱ्या होडीत करायची टूम निघालीये. कृपा करून नको. होडीत चढताना-उतरताना पाय घसरतो, आणि ते पोटावर पडणं आम्ही पाहिलेलं आहे. नाव अंगणात पुठ्ठ्याची करा, फोटो तेवढाच छान येतो.

गोडाचं सांगते. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी होते, म्हणजे डोहाळजेवणाच्या थोडं आधी. काहींची साखर वाढलेली निघते, पण समारंभात ते कोणाला सांगता येत नाही. मग प्रत्येक सवाष्ण एकेक घास भरवते, पेढा, लाडू, बासुंदी, आणि नाही म्हटलं तर अपमान. भरवण्याची हौस असेल तर फळाची फोड, घावण्याचा तुकडा, शहाळ्यातली मलई भरवा.

खाडीकाठच्या ताई, पुरचुंड्यांचा खेळ मला आवडला, पण दोन सूचना. वेखंडाचा वास उग्र असतो, तो तिच्या नाकाशी नेऊ नका. आणि ओळखून झाल्यावर कोणी ‘आता हे बाळगुटीला ठेव’ म्हणत गाठोडं हातात देईल. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. हे त्या खेळातच मोठ्याने सांगून टाका.

पाटावरची आजी

गुटी देऊनच आमची मुलं वाढली. पण नर्सबाई शिकलेली आहे, तिच्याशी वाद घालत नाही.

माझा वाद त्या नारळाच्या लंगोटाशी आहे. डोहाळजेवण हे बायकांचं आहे. पोरीला मोकळेपणी बोलता यावं, काय खावंसं वाटतं, काय दुखतं, रात्री झोप लागते का, हे चार अनुभवी बायकांना विचारता यावं म्हणून पुरुषांना बाहेर ओटीवर बसवत होते. आता तुम्ही तिच्या नवऱ्याला, दिरांना, सासऱ्यांना माजघरात आणून बसवणार. त्यांच्यासमोर ती काय बोलणार? खेळ होतील, फोटो होतील, आणि मुलगी मनातलं मनात ठेवून मुंबईला परत जाईल.

बोटीवरचा

आजी, नमस्कार. मी पुरुष आहे आणि माझं मत तुमच्या विरुद्ध आहे. मी जहाजावर नोकरी करतो. पहिल्या मुलीच्या वेळी डोहाळजेवणाला मी घरातच होतो, पण मला पाट मांडायला आणि नारळ सोलायला ठेवलं होतं. मुलगी झाल्यावर तिला उचलायची मला भीती वाटायची, कारण तोवर कोणी कधी शिकवलंच नव्हतं. नारळाला लंगोट बांधताना दहा जणांत हसं झालं असतं तर चाललं असतं, पण हात बसला असता.

तुमचा मुद्दाही खरा आहे. मग दोन भाग करा ना. सकाळी ओटी आणि बायकांच्या गप्पा, जेवणानंतर पुरुषांसकट खेळ.

आठवा महिना

मी स्वतः सध्या या अवस्थेत आहे, माझा कार्यक्रम नुकताच झाला. इतकं वाचलं, पण तिला विचारा असं फक्त फुलांच्या वासाबद्दल म्हटलं गेलं. खेळांबद्दल कोणीच नाही.

माझ्याकडे मैत्रिणींनी लोकरीने पोटाचा घेर ओळखायचा खेळ ठेवला होता. प्रत्येकीने अंदाजाने लोकर कापायची, मग माझ्या पोटाभोवती गुंडाळून बघायची. एकीची लोकर माझ्याभोवती जवळजवळ दोनदा बसली आणि सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र उठून आत जावंसं वाटलं. पेढा-बर्फीचं मला काहीच वाटलं नाही, कारण माझ्या घरात मुलीचीच वाट बघतायत. तेव्हा कुठला खेळ लागेल हे बाहेरून ठरवता येत नाही. जावेला आधी यादी दाखवा. ‘सरप्राईज’ ठेवू नका.

माडाखालची

सगळे खेळांवर बोलताय. ओटी भरण्यावर बोलूया का?

माझ्या आईला बाबा गेल्यापासून एकाही ओटीला कोणी बोलावलं नाही. गावातली निम्मी बाळंतपणं तिने निभावली, रात्री-अपरात्री लोकांनी दार वाजवलं, पण डोहाळजेवणाला ती मागच्या दारी भांडी मोजत उभी. माझ्या मावशीला मूल नाही, तिलाही तसंच. पेढा निघाला काय आणि बर्फी निघाली काय, ज्या खोलीत या दोघींना यायची चोरी त्या खोलीतले खेळ बदलून काय होणार? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांशी होणाऱ्या वागणुकीविरुद्ध ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कागदावर झालं. घरात कधी होणार?

पाटावरची आजी

पोरी, तुझ्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण ओटी सवाष्णीनेच भरायची हा आमचा शिरस्ता आहे, तो मी माझ्या हाताने मोडणार नाही. तुझ्या आईला मानाने पुढे बसवावं, पहिलं पान तिला वाढावं, घास तिने भरवावा. तिथवर मी येते.

माडाखालची

आजी, तिथवर आलात त्याबद्दल मनापासून आभार. मला तेवढ्याने पुरत नाही.

खाडीकाठची

सगळ्यांचं वाचून जावेला यादी दाखवली. तिने पेढा-बर्फीवर फुली मारली, म्हणजे घरात आता ते तिच्या नावावर सांगता येईल. ओव्यांवरही फुली मारली, कारण तिच्या मैत्रिणींना त्या जमणार नाहीत आणि त्या अवघडतील. मला वाईट वाटलं, पण कार्यक्रम तिचा आहे. सासूबाईंना येत असलेल्या जुन्या ओव्या त्यांनीच म्हणाव्या आणि फोनवर भरून घ्याव्या, यावर ती खूश आहे. पुरचुंड्या राहिल्या, वेखंड वगळून. नारळही राहिला, जेवणानंतर, बोटीवरच्या दादांनी सुचवलं तसा. सकाळी पुरुष बाहेर ओटीवर.

माडाखालची, आमच्याकडे माझी चुलत सासू आहे, दोन वर्षांपूर्वी काका गेले. ओटी भरायला मी तिचं नाव घेतलं. सासूबाई अजून बोलत नाहीयेत. मी नाव मागे घेणार नाही.

मधल्या आळीतली

मी माझ्या सुनेच्या वेळी वाट्या ठेवणार, तिने नको म्हटलं नाही तर. ‘असू दे’ कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे बोलेन. नारळाचा खेळ मात्र घेते. कापड कुठलं आणि केवढं लागतं?

खाडीकाठची

जुन्या मऊ सुती साडीचं किंवा धोतराचं, दोन फुटांचं चौकोनी. कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, लांब बाजू वरच्या अंगाला. नारळ देठ वर करून मधोमध ठेवायचा, खालचं टोक दोन्ही बाजूंच्या टोकांच्या मधून वर घ्यायचं आणि तिन्हीची गाठ पुढे. पिना ठेवू नका. बांधून झालं की नारळ उचलून खांद्यावर घ्यायला लावा, लंगोट सुटला तर बाद. असोले नारळ जरा लहान बघून काढा, मोठ्याला कापड पुरत नाही.