अमिगा १२०० : ०३० कार्ड ४० वरून ५० मेगाहर्ट्झवर नेताना काय बदलावं?

पंचवटीकर :
जुन्या अमिगा संगणकाचा वेग वाढवणाऱ्या या कार्डावर ६८०३० प्रोसेसर (आरसी५०, म्हणजे ५० मेगाहर्ट्झचा) आणि ४० मेगाहर्ट्झचा ६८८८२, म्हणजे गणिताची चिप (एफपीयू) आहे. रॅम ७० नॅनोसेकंदांची, १६ एमबीची सिम (रॅमची पट्टी). ऑसिलेटर (क्लॉकचे ठोके देणारा भाग) लांबट आयताकृती, ४० चा, थेट सोल्डर केलेला. नुसता ५० चा बसवला तर चालेल का? नाशिकच्या मे महिन्यातली दुपार धरून सांगा.

सातपूर_सोल्डर :
प्रोसेसर चालेल, अडेल ती रॅम. कार्डाचं लॉजिक क्लॉकचे ठोके मोजतं, नॅनोसेकंद नाही. ४० वर एक क्लॉक २५ नॅनोसेकंदांचा, ५० वर २०चा. समजा एका वाचनाला चार क्लॉक दिलेत, तर १०० चे ८० झाले. त्यातले पंधरा लॉजिकमध्ये गेले की उरले ६५. तिथे ७० ची सिम पुरत नाही, म्हणून आधी ६० ची घ्या.

ऑसिलेटर उपटू नका, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) सोबत निघून येतो. ग्राउंडची पिन रुंद तांब्याला जोडलेली असते, ती लवकर तापत नाही. तिथे भरपूर फ्लक्स आणि ताजं सोल्डर द्या, मग सोल्डर ओढणारा पंप मारा. नंतर १४ पिनांचं गोल भोकांचं सॉकेट लावा, म्हणजे ४० चा केव्हाही परत बसवता येतो. टोकदार कोपरा म्हणजे पिन १. ग्राउंड ७, आउटपुट ८, पाच व्होल्ट १४. उलटा बसवला तर ऑसिलेटर गेलाच. ३.३ व्होल्टचा घेऊ नका.

गंगापूर_रोड :
दादा, एफपीयूकडेही बघा. त्याला वेगळा ऑसिलेटर असेल तर तो ४० वरच ठेवा, ६८८८२ ला प्रोसेसरचाच क्लॉक लागतो असं नाही. एकच असेल तर चाचणीपुरता एफपीयू काढून ठेवा. आणि आरसी५० वरची छपाई ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून बघा. जुना भाग पुसून नवा आकडा छापलेले पुष्कळ फिरतात.

पंचवटीकर :
६० ची सिम टाकली, एफपीयू काढला. थंड असताना सुरू होतं, वीस मिनिटांनी अडकतं. रीसेट केलं की पिवळा पडदा.

सातपूर_सोल्डर :
पिवळा म्हणजे सुरुवातीलाच प्रोसेसर एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसर चुकीवर अडला. रॅमचा दोष हिरव्याने कळतो, पण तो चिप रॅमचा (मदरबोर्डवरच्या रॅमचा), कार्डावरच्या सिमचा नव्हे. कार्ड खालच्या झाकणाआड असतं, तिथे वारा नाही. झाकण काढा, मशीन दोन सेंटिमीटर उचलून ठेवा, प्रोसेसरला हीटसिंक चिकटवा. मग कार्डावरच पाच व्होल्ट मोजा. ४.७५ च्या खाली गेलं तर दोष पुरवठ्याचा किंवा मदरबोर्डच्या गळक्या कपॅसिटरचा. तरीही अडकलं तर ४५ चा ऑसिलेटर लावा. तसंही चिप रॅमचा वेग यातल्या कशानेच वाढत नाही.