अनुभव धागा: घरचा कार्बन मोजलात का? कुठे कमी झाला?

लाईटबिल समोर ठेवा आणि मोजाच, अंदाजावर जाऊ नका. मी धरलेला हिशेब सोपा आहे: विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, आणि १४.२ किलोचं सिलिंडर संपलं की जवळपास ४२ किलो. आमच्याकडे मोठा खर्च निघाला पंख्यांचा! ७५ वॅटचे तीन जुने पंखे, आईबाबा दिवसभर घरी त्यामुळे रोज पंधरा तास तरी चालू. त्याजागी ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले तर महिन्याला ६० युनिट वाचतात, म्हणजे एक अख्खं सिलिंडर जाळलं नाही असं समजा. तुमचंही लिहा, आकड्यांसकट, फसलेले प्रयोग तर नक्कीच लिहा.

*

नागपूरहून लिहितेय. मे महिन्यात ४५ डिग्री असताना एसी लावूच नका असं काहीजण सांगतात ते मला पटत नाही, घरात सत्तरीपुढची माणसं आहेत. पण आमची हवा कोरडी, त्यामुळे कूलर मस्त चालतो, २०० वॅटच्या आसपास घेतो, दीड टनाचा एसी दीड हजारापर्यंत जातो. म्हणून दिवसा कूलर, रात्री एसी २६ वर आणि सोबत पंखा. कूलरच्या ताट्या दर उन्हाळ्याआधी बदला, जुन्या ताट्यांनी थंडावा येत नाही. पावसाळा लागला की कूलर बंद, दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

*

माझा प्रयोग उलटा गेला, नाशिक. पर्यावरणासाठी म्हणून गॅस सोडून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणला, सहा महिने समाधानात होतो, मग हिशेब मांडला तर आपली बरीचशी वीज कोळशाची, त्यामुळे तेवढंच अन्न शिजवायला गॅसपेक्षा कार्बन जास्तच निघत होता. वाईट वाटलं खरं. आता छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय (७८,००० अनुदान मिळालं), दुपारचं जेवण ऊन असताना इंडक्शनवर, रात्रीचं गॅसवर. डाळ, राजमा, छोले आधी भिजवून कुकरला, तेवढ्यानेही गॅस वाचतो.

*

डोंबिवली. गाडी नाही, रोज लोकल, महिन्याला वीज १२० युनिट, त्यामुळे आपण कमीच असणार असं धरून चाललो होतो. मग मुलीने विचारलं, बाबा आपण दिल्लीला विमानाने गेलो ते धरलं का? माणशी एका बाजूचे जवळपास १०० किलो, आम्ही चौघं, जाऊन येऊन ८००. घरच्या नऊ-दहा महिन्यांच्या विजेएवढं एका सुट्टीत गेलं! यावेळी राजधानीची तिकिटं काढलीत. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे म्हणून त्यांना लोअर बर्थ हवा होता, तो मिळाला.